क्रॉनिक हिपॅटायटिस बी आणि न दिसणाऱ्या अँटीबॉडी

नाशिक

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा वाचला. ‘क्रॉनिक हिपॅटायटिस बी मध्ये शरीर अँटीबॉडी बनवत नाही’ हे वाक्य म्हसरूळला विद्यापीठात पाठवण्याआधी खोडून टाक.

एखादा रिपोर्ट नीट बघ. सरफेस अँटिजेन, म्हणजे विषाणूच्या आवरणावरचं प्रथिन, सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह (म्हणूनच आजार क्रॉनिक), आणि त्याविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे अँटी-एचबीएस, निगेटिव्ह. इथवर तुझं बरोबर. पण त्याच रक्तात विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या (कोअर प्रथिनाविरुद्धच्या), म्हणजे अँटी-एचबीसी अँटीबॉडी भरपूर सापडतात. माणूस तोच, विषाणू तोच. एका प्रथिनाविरुद्ध बी पेशींचं, म्हणजे ज्यांच्यापासून अँटीबॉडी बनतात त्या पांढऱ्या पेशींचं, काम जोरात, दुसऱ्याविरुद्ध जवळजवळ ठप्प. असं का, हाच तुझा विषय.

एक कारण सरळ आहे. बाधित यकृतपेशी विषाणूसोबत सरफेस प्रथिनाचे रिकामे कणही रक्तात सोडतात, खऱ्या विषाणूच्या हजारपट, कधी लाखपट. थोड्याफार अँटीबॉडी बनल्याच, तर त्या या कणांना चिकटून बसतात आणि नेहमीच्या चाचणीला सापडत नाहीत.

दुसरं कारण पेशींतच आहे, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत चमकणारा रंग लावलेलं सरफेस अँटिजेन आमिष म्हणून वापरून नेमक्या याच बी पेशी वेचल्या गेल्या. त्या रक्तात होत्या! पण बऱ्याचशा थकलेल्या: पीडी-1 (पेशीच्या कामाला ब्रेक लावणारं प्रथिन) वाढलेलं, प्लाझ्मा पेशी, म्हणजे अँटीबॉडी सोडणाऱ्या पेशी, होण्याची क्षमता घटलेली. लॅबमध्ये पीडी-1 अडवल्यावर त्यांचं काम काही अंशी सुधारलं.

म्हणून एलिस्पॉट, म्हणजे अँटीबॉडी सोडणाऱ्या पेशी मोजायची चाचणी, करशील तेव्हा सरफेस आणि कोअर, दोन्ही एकाच रक्तावर, एकाच प्लेटवर लाव. अँटीबॉडी सोडणाऱ्या प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. कोअरच्या खणात ठिपके नसतील, तर सरफेसच्या रिकाम्या खणावरून काहीच ठरवू नकोस. आधी पेशी जिवंत होत्या का ते तपास.

शब्दांबद्दल एवढा आग्रह धरतो, कारण निफाड-दिंडोरीकडून येणारा पेशंट ‘पांढरी कावीळ’ ऐकूनच घाबरलेला असतो. त्यात कुणी ‘तुमच्यात प्रतिकारशक्तीच नाही’ म्हटलं, की तो ताकदीची इंजेक्शनं शोधत फिरतो, स्वतःलाच लस टोचून घेतो. त्या लसीचा त्याला उपयोग नाही. ती हवी त्याच्या बायकोला, भावंडांना, तपासणी निगेटिव्ह आली तर. आणि घरात बाळ जन्मलं तर पहिल्या 24 तासांत. रक्त घेतानाच हे त्याला सांगत जा.