बेचिराख : राखेचा नव्हे, दिव्याचा शब्द

दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकीने मोडलेल्या कोलोन या जर्मन शहराबद्दलच्या एका वाक्यावर विचारणा अशी : ‘१९४७ साली बेचिराख कोलोनमध्ये लोक तळघरांत राहत होते’ या वाक्यात ‘बेचिराख’ बरोबर की ‘जमीनदोस्त’?

दोन्ही चूक. ‘उद्ध्वस्त’ लिहा, आणि त्यातला द् गाळू नका.

आता मुद्द्याचं. ‘बेचिराख’मध्ये राख नाही. ‘जळून बेचिराख’ हे बातम्यांत इतकं ऐकू येतं की मूळ शब्द कुणाला आठवतच नाही. फारसी ‘बे’ म्हणजे विना, ‘चिराग’ म्हणजे दिवा. तिन्हीसांजेला एकाही घरात दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. महसुली दप्तरात हा शब्द अजून जिवंत आहे. बेचिराग गावाला नाव असतं, शीव असते, गट नंबर असतात, शेजारच्या गावचे लोक तिथली जमीन कसतातही. नसते ती फक्त वस्ती. विदर्भात अशाच गावाला रिठी म्हणतात. गाव साथीने उठलं, दुष्काळाने उठलं की पाणी आटून, याच्याशी शब्दाला देणंघेणं नाही. आगीची तर मुळीच गरज नाही.

मग ‘ग’चा ‘ख’ कुठून आला? शब्दाच्या शेवटी असं आपोआप होतं, हे उत्तर काही जाणकार देतात. मला ते साफ अमान्य आहे. तसं असतं तर बागेची ‘बाख’ आणि डागाचा ‘डाख’ झाला असता. इथेच का झाला? कारण मराठी कानाला त्यात ‘राख’ ऐकू आली. कानाने आधी उच्चार बदलला, मग अर्थ. ‘जमीनदोस्त’चीही तीच गत. मूळ ‘जमीनदोज’, म्हणजे जमिनीला शिवलेलं. शिवण्याचा ‘दोज’ अनोळखी, ‘दोस्त’ घरचा, म्हणून दोस्त चिकटला.

आता हे माप कोलोनला लावून बघा. युद्धाआधी तिथे साडेसात लाखांवर लोक होते. मार्च १९४५मध्ये अमेरिकन सैन्य शिरलं तेव्हा ऱ्हाइन नदीच्या डाव्या काठावर, म्हणजे मुख्य शहराच्या बाजूला, सुमारे ४०,००० उरले होते. त्या आठवड्यांतल्या जुन्या शहराला बेचिराख म्हणा, माझी हरकत नाही. पण लोक लगेच परतू लागले. तळघरात माणूस राहतो म्हणजे तिथे दिवा लागतो. तुमच्या वाक्याचा उत्तरार्धच पूर्वार्धाला खोटं ठरवतो.

दिवाच काय, चूलही होती. १९४६-४७च्या कडक थंडीत कोलोनकर मालगाड्यांवरचा कोळसा काढून नेत. ३१ डिसेंबर १९४६ला रील भागातल्या सेंट एंगेलबर्ट चर्चमध्ये कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल फ्रिंग्स प्रवचनात म्हणाले की, जीव आणि आरोग्य राखण्यापुरतं, कष्टाने किंवा मागून मिळत नसेल तर, घ्यायला हरकत नाही. त्यावरून ‘फ्रिंग्सन’ हे क्रियापद जर्मनमध्ये रुजलं : गरजेपोटी कोळसा पळवणं. पुष्कळांनी ही मर्यादा ओलांडली आहे, त्यांनी घेतलेलं परत करावं, हेही फ्रिंग्स यांनी लगेच सांगितलं होतं. क्रियापदात तो भाग आला नाही. ‘फ्रिंग्सन’ला मराठीत नुसतं ‘चोरणं’ म्हणणाऱ्या भाषांतरकारांनी निदान मूळ प्रवचन वाचावं.

‘जमीनदोस्त’ का नको? आगलाव्या बाँबने छप्पर पेटतं, लाकडी तक्तपोशी जळून खाली येते, पण विटांच्या भिंती बऱ्याचदा उभ्याच राहतात. कोलोनचं जुनं शहर सुमारे ९० टक्के उद्ध्वस्त झालं, तरी रस्तोरस्ती अशी पोकळ घरं उभी होती. ती वाऱ्याने कोसळत, म्हणून मुद्दाम पाडावी लागत. मग विटा वेचायच्या. चुन्याचा सांधा हातोडीने सुटतो आणि वीट पुन्हा वापरता येते. सिमेंटचा असेल तर वीटच फुटते. अशा तुकड्यांचा चुरा करून, सिमेंटात कालवून ठोकळे पाडत. जमीनदोस्त झालं ते बरंचसं पुढच्या पाडकामांत.

सेंट कोलुम्बा चर्चचंच बघा. जवळजवळ सगळं पडलं, पण मेरीची दगडी मूर्ती एका खांबाला लागून उभी राहिली. वास्तुकार गॉटफ्रीड ब्योम यांनी १९५०मध्ये तिच्याभोवती छोटं प्रार्थनामंदिर बांधलं. २००७पासून ते कोलुम्बा संग्रहालयाच्या इमारतीच्या पोटात आहे, आणि तिथे लोक मेणबत्त्या लावतात. त्या चर्चला ‘बेचिराख’ म्हणू नका.