खेड्यात राहून उत्क्रांती आणि विज्ञानाच्या इतिहासावरची टपाल तिकिटं जमवता येतील का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळकडच्या एका गावात राहता, डार्विन आणि उत्क्रांतीवरची तिकिटं जमवायची इच्छा आहे, पण हा शहरातल्या पैसेवाल्यांचा छंद असल्याचं सगळे सांगतात. त्यांचं ऐकू नका. मी वरोरा तालुक्यातला, शाळेत विज्ञान शिकवतो, आणि माझा सगळा संग्रह गावात बसूनच झालेला आहे.

एक आधी सांगतो. ‘पन्नास देशांची पाचशे तिकिटं’ असली मिसळ पाकिटं घेऊ नका. त्यात राजे-राण्या आणि फुलपाखरंच जास्त निघतात, आणि हौस तिथेच संपते. आधी विषय पक्का करा, मग त्यासाठी एकेक तिकीट शोधा. शिक्का पडलेलं, वापरलेलं तिकीटही चालतं. कोरंच हवं हा हट्ट सोडला की खर्च निम्म्याहून कमी होतो.

माझ्या मते उत्क्रांतीच्या अल्बममध्ये पहिलं पान डार्विनला देऊ नये, स्टेगोडॉनला द्यावं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला शंभर वर्षं झाली म्हणून 1951 साली आपल्या टपाल खात्यानं दोन आण्यांचं तिकीट काढलं. त्यावर ‘स्टेगोडॉन गणेसा’ हा हत्तीच्या जातकुळीतला, कधीच नामशेष झालेला प्राणी आहे. प्रागैतिहासिक प्राणी दाखवणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या तिकिटांत त्याची गणना होते. भिंगाखाली धरून त्याचे सुळे पाहा. ते फार लांब होते आणि एकमेकांना इतके लागून होते की मधून सोंड खाली सोडायला जागा नव्हती. सोंड एका बाजूनं सोडावी लागत असणार, हे शास्त्रज्ञांनी कवटीवरून ताडलं. हे जीवाश्म हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांमधले. तिथली हाडं उकरून त्यांचा अभ्यास करणारा ह्यू फाल्कनर पुढे डार्विनचा मित्र झाला. आता सांगा, पहिल्या पानाला याहून चांगलं तिकीट कोणतं?

दुसऱ्या पानावर डार्विन येऊ द्या. भारतानं त्याच्यावर 1983 मध्ये दोन रुपयांचं तिकीट काढलं. ब्रिटनचा 1982 चा चार तिकिटांचा संच मला सगळ्यात आवडतो. चारही तिकिटांवर डार्विनचा चेहरा आहे, जोडीला एकावर महाकाय कासवं, एकावर इग्वाना हे मोठे सरडे, एकावर फिंच पक्षी आणि शेवटच्यावर आदिमानवाच्या कवट्या. चारही ओळीनं लावली की वर्गात वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. डार्विन 1835 मध्ये गॅलापागोस बेटांवर पोचला, त्याच्या शताब्दीनिमित्त इक्वाडोरनंही (ही बेटं त्याच देशाची) तिकिटं काढली होती. ती जुनी आहेत, मिळाली तर घ्या, पण त्यांच्यासाठी अडून बसू नका.

डायनासोरच्या पानावर मी चीनचा 1958 चा तीन तिकिटांचा संच लावलाय: ट्रायलोबाइट (समुद्रातला नामशेष कवचधारी जीव), लुफेंगोसॉरस हा डायनासोर आणि मोठ्या शिंगांचं नामशेष हरीण. त्याखाली पेननं आमच्या तालुक्यातल्या पिजदुऱ्याची माहिती लिहिली आहे. तिथे डायनासोरची हाडं सापडलीत, आणि दगड झालेली विष्ठाही. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका कण मिळाल्याचं 2005 मध्ये जगासमोर आलं. तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं असं कुणी फारसं मानत नव्हतं. हे पान दाखवलं की मुलं हमखास विचारतात, ‘सर, आपल्या इथलं?’ (कधी तिकडे गेलात तर फोटो काढा, दगड मात्र उचलून आणू नका.) तुमच्या भागातलंही असं काही शोधा आणि ते तिकिटाशेजारी लिहा. अल्बमला खरी किंमत येते ती अशा लिखाणानं.

शेतकऱ्याच्या घरातले असाल तर रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्हचं तिकीट शोधाच. कोणतं पीक जगाच्या कोणत्या भागात प्रथम जोपासलं गेलं हे शोधण्यात त्यानं आयुष्य घातलं, देशोदेशींचं बियाणं गोळा केलं. स्टालिनच्या राजवटीत त्याला तुरुंगात टाकलं आणि 1943 साली तो तिथेच मेला. पुढे त्याच सोव्हिएत देशानं त्याचं तिकीट छापलं. विज्ञानाचा इतिहास म्हणून मला ते तिकीट डार्विनच्या कुठल्याही तिकिटाइतकंच मोलाचं वाटतं. आपल्याकडचे जगदीशचंद्र बोस (1958), रामानुजन (1962), भाभा (1966), रामन (1971) हे तर ठेवाच; कंसात तिकिटाचं साल आहे. गावातल्या जुन्या पत्रांवरही यातलं एखादं मिळून जातं. निवृत्त मास्तर, बँकवाले यांच्या घरी विचारा.

नव्या तिकिटांसाठी मोठ्या पोस्टात ‘फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट’ उघडा. किमान 200 रुपये भरायचे, मग नवी तिकिटं टपालानं घरपोच येतात. विदर्भात यासाठी नागपूरच्या जीपीओत चौकशी करा. घरात सहावी ते नववीतलं मूल असेल तर दीनदयाळ स्पर्श योजनेची माहितीही तिथेच घ्या. तिकीटसंग्रह करणाऱ्या निवडक मुलांना वर्षाला 6000 रुपये शिष्यवृत्ती मिळते.

ऑनलाइन घेताना एक काळजी घ्या. डायनासोर आणि डार्विनची चकचकीत, स्वस्त तिकिटं छोट्या देशांच्या नावानं विकली जातात, आणि त्यातली कितीतरी त्या देशांनी काढलेलीच नसतात. 2002 पासूनच्या बऱ्याच देशांच्या अधिकृत तिकिटांची नोंद जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस यादीत असते. घेण्याआधी तिथे बघा.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. कूलर चालू असलेल्या खोलीत अल्बम कधीच ठेवू नका. त्या दमट हवेत मागचा गोंद सुटतो आणि कोरी तिकिटं पानाला चिकटून बसतात. अल्बम भिंतीपासून दूर, लोखंडी कपाटात उभे ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पावसाळा संपला की एकदा पानं उघडून सावलीत वारा लागू द्या. तिकिटाला बोट लावू नका, चिमटा वापरा. लॅमिनेशन तर चुकूनही नको.