रात्री नंबरप्लेट पांढरी का पडते?

प्रश्न : सोसायटीच्या गेटवर नंबर वाचणारा कॅमेरा आहे. दिवसा ‘एमपी ०९’ बिनचूक वाचतो. रात्री मात्र प्लेट पांढरीफटक दिसते, नाहीतर नंबर पुसट येतो. लाइट वाढवावा का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : वाढवू नका, कमी करा. नव्या एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेटवरचा परावर्तक थर कॅमेऱ्याचा आयआर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड, थेट लेन्सकडेच परत फेकतो. त्यात एक्सपोजर (किती उजेड टिपायचा ते) ऑटोवर असेल, तर कॅमेरा भोवतीचा अंधार बघून शटर उघडं राहण्याचा वेळ १/२५ सेकंदापर्यंत लांबवतो, गेनही (चित्र कृत्रिमरीत्या उजळवणं) चढवतो, आणि प्लेट जळून पांढरी पडते. पुसटपणाचं कारण वेगळं. ताशी २० किमीने येणारी गाडी १/२५ सेकंदात २२ सेंमी सरकते. चारचाकीच्या अक्षराची रेघ जेमतेम १० मिमी जाड. १/१००० ला हेच सरकणं साडेपाच मिमीवर येतं, आणि गाडी समोरून येत असेल तर चित्रात आणखी कमी दिसतं.

तेव्हा नाइट प्रोफाइलमध्ये एक्सपोजर मॅन्युअल, शटर १/१०००. गेनची कमाल मर्यादा १०० पैकी ३० च्या आसपास ठेवून बघा. आयआर ५० टक्क्यांवरून सुरू करून खाली आणा. डब्ल्यूडीआर (उजेड-अंधार सांभाळून घेणारी सेटिंग) बंद, तो वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम जोडतो, त्यामुळे चालत्या गाडीच्या कडा दुहेरी येतात. आता पडद्यावर प्लेट आणि हेडलाइट सोडून सगळा काळोख दिसेल. कमिटीतलं कोणीतरी ‘काहीच दिसत नाही’ म्हणेलच. म्हणू द्या. ड्रायव्हरचा चेहरा, गाडीचा रंग हवा असेल तर दुसरा कॅमेरा लावा. एकाकडून दोन्ही कामं होत नाहीत.

चाचणी उभ्या गाडीवर घेऊ नका. चालती गाडी, आधी लोअर बीमवर, मग अपरवर. एक नवीकोरी प्लेट, एक मळकी. अक्षरांच्या रेघा कुरतडल्यासारख्या बारीक दिसल्या तर उजेड अजून जास्त आहे: आधी आयआर उतरवा, तेवढ्याने भागलं नाही तर शटर १/२०००. मळकी प्लेट वाचता येत नसेल तर गेन पाच-पाचने चढवा, पण शटर १/५०० पेक्षा लांबवू नका. फोकसही रात्री आयआरमध्येच तपासा. दिवसा लावलेला फोकस बऱ्याच लेन्समध्ये रात्री थोडा सरकतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. डे-नाइट ऑटोवर असेल तर हेडलाइट पडताच कॅमेरा डे मोडमध्ये उडी मारतो आणि नेमका नंबर निसटतो. वेळापत्रक लावा, पण ऋतूप्रमाणे बदला: इंदुरात सूर्य डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास.

प्रश्न : गेट पश्चिमेला आहे. संध्याकाळी ऊन थेट लेन्समध्ये येतं, प्लेट काळी दिसते.

उत्तर : सेटिंगने थोडंच भागेल. बीएलसीची (मागून उजेड आला की ठरावीक भाग उजळवणारी सेटिंग) चौकट प्लेट जिथे येते तिथे ओढा, कॅमेऱ्याला टोपी लावा. खरा उपाय म्हणजे कॅमेरा फिरवून आत शिरलेल्या गाडीची मागची प्लेट वाचणं. ऊन पाठीशी जातं, हेडलाइटचा त्रासही संपतो, आणि स्कूटरचा मागचा नंबर पुढच्यापेक्षा मोठा असतो.