किती तास म्हणजे जास्त, असं विचारलंस म्हणून

अरे, तुझा मेसेज दोनदा वाचला. रोज चार तास गेम खेळतो, सुट्टीच्या दिवशी आठ-नऊ होतात, हे जास्त आहे का, एवढंच विचारलंयस. म्हणजे तुला एक आकडा हवाय, त्या आकड्याच्या अर्धा तास अलीकडे राहिलं की सुटलो! सतराव्या वर्षी मीही हेच शोधत होतो.

पण सगळ्यांना लागू पडेल असा ठरलेला आकडा नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ घेतलंय, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण त्यात तासांचा उल्लेख नाही. कधी सुरू करायचं नि कधी थांबायचं यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, हे ते बघतात, तेही साधारण वर्षभर चाललेलं आणि घर, अभ्यास, नाती बिघडवण्याइतकं. त्यामुळे परीक्षा संपल्यावर पंधरा दिवस दणकून खेळलास म्हणून लगेच स्वतःला व्यसनी म्हणू नकोस.

तासांचे नियम सरकारांनीही करून बघितले. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले, तो कायदा २०२२ मध्ये गेला. चीनने २०२१ पासून अठराच्या आतल्यांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ हा एक तास दिला. मग काय, मुलं मोठ्यांच्या नावाने लॉगिन करायला लागली. मीही तेच केलं असतं.

माझं सांगतो. टर्नवर चालणारा एक स्ट्रॅटेजी गेम होता, ‘अजून एक टर्न’ म्हणता म्हणता पहाटेचे तीन वाजायचे. आवाज बंद, स्क्रीनचा ब्राइटनेस एकदम खाली, आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला, बाहेरच्यांना उजेड दिसू नये म्हणून. सकाळी तो टॉवेल झटकून परत खुंटीला लावायचा आणि डोकं दुखतंय असं तोंड करून बसायचं. गंमत म्हणजे तेव्हा माझे तास तुझ्यापेक्षा कमी होते, रोजचे तीन. माझा एक मित्र रविवारी सहा-सहा तास खेळायचा, सगळ्यांसमोर, दार उघडं ठेवून, आणि जेवायला हाक मारली की मॅच संपवून उठायचा. त्याचं काही बिघडलं नाही, माझं मात्र एक अख्खं वर्ष गेलं. तास मोजून हा फरक कळला नसता, टॉवेल बघून लगेच कळला असता. तुझ्याकडे असा टॉवेल आहे का बघ, म्हणजे काय लपवतोयस, कुणाला वेळ खोटी सांगतोयस.

दुसरं म्हणजे गेम कुठला तेही बघ. गोष्ट असलेला गेम संपतो, तीस-चाळीस तासांनी का होईना. पण रोजचं लॉगिन बक्षीस, स्ट्रीक (एकही दिवस न चुकवता खेळल्याची मोजणी), सीझन पास (ठरावीक मुदतीत खेळून मिळवायची बक्षिसं), रँक असलं सगळं ज्यात असतं तो तू उठू नयेस म्हणूनच बनवलेला असतो. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की प्राणी जास्त चिकाटीने बटण दाबत राहतो, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलंय, आणि पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या लूट बॉक्सना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्यात बसवलं ते उगाच नाही. त्यामुळे उठता येत नाही ही सगळी तुझीच कमजोरी आहे असं मानू नकोस, पण उठायचं तुलाच आहे हेही खरं.

उठायची जागा मॅचच्या मध्ये नसते रे, हे घरच्यांना कळत नाही. रँक्ड मॅच, म्हणजे जिच्यावर तुझी रँक ठरते ती, मध्येच सोडली तर पेनल्टी बसते, टीम शिव्या घालते, आणि तेवढ्यात मागून ‘बंद कर ते’ ऐकू येतं, मग भांडण. त्यांना आधीच सांगून टाक की एक मॅच साधारण इतक्या मिनिटांची असते आणि पॉज होत नाही. आणि नवीन मॅच लावायच्या आधी घड्याळ बघ, नंतर बघून उपयोग नाही. हरल्यावर तर लावूच नकोस, ‘एक जिंकून उठतो’ मध्ये माझ्या कितीतरी रात्री गेल्यात.

आठवडाभर एक कर. किती वाजता थांबायचं ठरवलं आणि खरंच किती वाजता थांबलास, एवढंच लिहून ठेव. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर चालतंय. रोज दोन तासांचा फरक पडत असेल आणि तो झोपेतून जात असेल (तुझ्या वयात आठ ते दहा तास झोप लागते), तर मला फोन कर. ठरवूनही थांबताच येत नसेल तर समुपदेशकाकडे जाऊ, मी येतो सोबत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हो, मेसेजच्या शेवटी सहज लिहिलंयस की हल्ली पोहायला जात नाही, वेळ मिळत नाही. खरं तर मी त्याच ओळीवर अडकलोय. पोहणं नेमकं कधी सुटलं, गेम वाढायच्या आधी की नंतर? आधी सुटलं असेल तर का सुटलं तेही लिही, मग गेमचं नंतर बघू.