शोषक थर पातळ केला, तरी बँडविड्थ का वाढली नाही?

तुमचा प्रश्न असा: ६० गिगाहर्ट्झच्या फायबर-रेडिओ लिंकसाठी १५५० नॅनोमीटरचा पिन फोटोडायोड (पी आणि एन थरांमध्ये न-डोप केलेला शोषक थर असलेला, प्रकाशाचा करंट करणारा डायोड). प्रकाश शोषणारा इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा थर १ मायक्रॉनवरून ०.३ वर आणला, व्यास २० मायक्रॉनच ठेवला, आणि वेग वाढायचा सोडून जागेवरच राहिला. सिम्युलेशनवर शंका घेऊ नका, ते बरोबर सांगतंय.

१ मायक्रॉनला होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन भारासारख्या वागतात) रेंगाळतात, म्हणून बँडविड्थ २०-२५ गिगाहर्ट्झवर अडते. थर पातळ केल्यावर तो अडथळा साधारण ७५ पर्यंत सरकला. पण कपॅसिटन्स ३९ फेम्टोफॅरडवरून १२९ झाला! ५० ओहमच्या लोडवर त्याची मर्यादा २५ गिगाहर्ट्झच होते. आगीतून उठून फुफाट्यात. व्यास १० मायक्रॉन करा, कपॅसिटन्स ३२ वर येईल आणि दोन्ही मर्यादा मिळून जेमतेम ६० गाठाल, तेही सिरीज रेझिस्टन्स न धरता. शिवाय ०.३ मायक्रॉनमध्ये एका फेरीत जेमतेम वीस टक्के प्रकाश शोषला जातो. रिस्पॉन्सिव्हिटी, म्हणजे दर वॉट प्रकाशामागे मिळणारा करंट, पाव अँपिअर प्रतिवॉटच्या आत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: साध्या पिनच्या मागे लागू नका, यूटीसी (युनि-ट्रॅव्हलिंग-कॅरिअर, म्हणजे फक्त इलेक्ट्रॉन धावतात अशी) रचना घ्या. जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीमध्ये १९९७ च्या सुमारास ती पुढे आली. तिच्यात शोषक थरच पी-डोप केलेला असतो. तिथे होल बहुसंख्य, त्यामुळे त्यांना कुठे धावत जावं लागत नाही. इलेक्ट्रॉन तेवढे डिफ्यूज होऊन इंडियम फॉस्फाइडच्या कलेक्टरमध्ये शिरतात आणि सुसाट सुटतात. शोषण एका थरात, कपॅसिटन्स दुसऱ्याच्या जाडीवर, म्हणजे दोन्ही वेगळे ठरवता येतात. शोषकात डोपिंगचा उतार ठेवा, इलेक्ट्रॉनला ढकलणारं क्षेत्र आपोआप मिळतं. दोन थरांच्या सीमेवर मात्र ऊर्जा-पट्ट्याची पायरी असते. मध्ये इंडियम गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचे पातळ थर टाकले नाहीत, तर इलेक्ट्रॉन तिथेच तुंबतात.

करंटचा हिशेबही आत्ताच करा. अँटेनाकडे १ मिलिवॉट आरएफ द्यायचं, तर पूर्ण मॉड्युलेशन धरूनही ५० ओहममध्ये सुमारे ६.३ मिलिअँपिअर सरासरी फोटोकरंट लागतो. १० मायक्रॉनच्या ठिपक्यात १० मिलिअँपिअर आणि ३ व्होल्ट म्हणजे ३० मिलिवॉट उष्णता. इंडियम गॅलियम आर्सेनाइड उष्णता नेण्यात फारच आळशी, तेव्हा फ्लिप-चिप करून, म्हणजे चिप उलटी करून, ॲल्युमिनियम नायट्राइडवर बसवण्याचा विचार पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि मोजताना फसू नका. आम्ही एकदा ६० गिगाहर्ट्झला सिग्नल गायब होतोय म्हणून एकामागून एक तीन डायोड बदलले. डायोड बिचारे ठणठणीत होते. आमची लिंक डबल साइडबँडची होती, म्हणजे प्रकाशाच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सिग्नलची एकेक प्रत होती, आणि मध्ये किलोमीटरभर फायबरचं रीळ. १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर-किलोमीटर डिस्पर्शनमुळे (वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने जाण्यामुळे) दोन्ही साइडबँडचे कॅरिअरशी होणारे बीट नेमके तिथेच एकमेकांना खोडत होते. डायोडची बँडविड्थ मोजताना रीळ काढा, दोन मीटरची पॅचकॉर्ड पुरे.