पहिल्यांदाच रोमन शिल्पं बघणार असशील तर

तोर्लोनिया या रोममधल्या घराण्याच्या प्राचीन शिल्पसंग्रहाचं फिरतं प्रदर्शन बघायला निघालायस ना? शिकागो, फोर्ट वर्थ, मग माँट्रियल असा त्याचा प्रवास. एकूण सहाशेवर संगमरवरी शिल्पांतली जेमतेम ५८ आणलीत, तरी सगळी बघायचा हट्ट नको. दहा नीट बघ.

आधी नाक बघ. खरंच सांगतो! नाक, बोटं, हात हे सगळ्यात आधी तुटतं आणि पुढच्या शतकांतले कारागीर ते नव्यानं बसवतात. सांधा शोध, दगडाचा रंग बदललेला दिसेल. याच संग्रहातल्या बसलेल्या बोकडाचं धड प्राचीन, पण डोकं सतराव्या शतकातलं, इटालियन शिल्पकार बेर्निनीचं मानतात. मला तरी हे जोडकामच जास्त आवडतं.

मग डोळे. कोरलेली बुबुळं दिसली, तर शिल्प बहुधा रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातलं, म्हणजे साधारण इ.स. १३०च्या आसपासचं किंवा नंतरचं. आधी ती रंगवत. हो, ही शिल्पं मुळात रंगीत असायची, पांढरीशुभ्र नव्हेत.

पायाशी झाडाचा बुंधा कशाला, असा प्रश्न पडेल. संगमरवराला वजन पेलायला आधार लागतो. बरीच रोमन शिल्पं ही ग्रीक शिल्पांच्या नकला; मूळ ग्रीक शिल्प ब्राँझचं असेल तर तिथे बहुधा बुंधा नसायचाच.

पाटी शेवटी वाच.