वाचकांचे प्रश्न : खाण्याची ऊर्मी आणि अपेक्षांचे माप

प्रश्न : सप्रेम नमस्कार. कामाचा ताण वाढला, कोणी टोचून बोलले किंवा रात्री एकटेपणा जाणवू लागला, की पोट भरलेले असतानाही मी खात सुटते. हे लक्षात आल्यापासून काही महिने मी नेटाने प्रयत्न करत आहे. दोन-तीन आठवडे सारे व्यवस्थित चालते. मग एखाद्या वाईट दिवशी ताबा सुटतो आणि पुढचे कित्येक दिवस मी वाटेल ते आणि वाटेल तेवढे खाते. वजनही फारसे उतरलेले नाही. ही सवय कायमची सुटायला किती काळ लागतो? की माझ्यातच निग्रह कमी आहे?
— एक वाचक

उत्तर : त्या दोन-तीन आठवड्यांतही ताणाचे प्रसंग आले असणारच, आणि तरीही तुम्ही खाण्याकडे वळला नाहीत, ही गोष्ट तुम्ही जमेस धरलेली दिसत नाही. सारा हिशेब एका वाईट दिवसापासून मांडला, तर उत्तर दर वेळी शून्यच येणार.

निग्रहाबद्दल आधी सांगते. ताण थोड्या वेळापुरता असेल तर भूक सहसा मंदावते. पण तो दिवसेंदिवस रेंगाळला, की कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण चढे राहू शकते, भूक वाढते आणि मनाची ओढ विशेषकरून गोड व स्निग्ध पदार्थांकडे जाते. असे पदार्थ खाल्ल्यावर काही वेळ खरोखरच बरे वाटते आणि मेंदू तेवढेच पक्के लक्षात ठेवतो. वर्षानुवर्षे जुळलेली ही सांगड पूर्णपणे पुसली जाईल अशी अपेक्षा ठेवू नये; तिच्या शेजारी दुसरी सांगड हळूहळू रुजवावी लागते, आणि म्हणूनच झोप न झालेल्या किंवा मन फार दुखावलेल्या दिवशी जुनी सवय पुन्हा डोके वर काढते.

जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःला बदलू पाहणाऱ्यांच्या अपेक्षांचा बारकाईने विचार केला आहे. बदल किती लवकर होईल, किती मोठा होईल, किती सहज होईल आणि त्यामुळे आयुष्यात आणखी काय काय सुधारेल, या चारही बाबतींत माणसे भलतीच आशा बाळगतात. ती फोल ठरली की दोष प्रयत्नांच्या कमतरतेला देतात आणि तेच अशक्य उद्दिष्ट घेऊन पुन्हा सुरुवात करतात, असे त्यांचे म्हणणे आहे. तुमचे पत्र वाचताना मला हेच चक्र दिसले.

काळाचेच पाहा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात खाणे, पिणे किंवा व्यायाम यांची एखादी साधी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत बदलला. अधेमधे एखादा दिवस चुकल्याने मात्र विशेष बिघडले नाही. तुम्ही ज्या सवयीशी झगडत आहात तिच्यात भावना गुंतलेल्या आहेत, त्यामुळे तिच्यासाठी तारीख ठरवण्याच्या भरीस मी पडणार नाही. काही महिने ही केवळ सुरुवात मानावी.

तुमचे अधिक नुकसान मात्र त्या वाईट दिवसाने होत नसून त्यानंतरच्या दिवसांत होत आहे. हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना आधी मिल्कशेक देऊन नंतर हवे तेवढे आइस्क्रीम खायला सांगितले होते. एरवी खाण्यावर फारसे निर्बंध न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. सतत स्वतःला आवरणाऱ्यांनी उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडलाच आहे, मग आता कशाला थांबायचे, हा विचार नियम जितका कडक तितका जोरात येतो. त्यामुळे ‘यापुढे कधीच नाही’ हा संकल्प सोडून द्या, आणि असा प्रसंग घडला तर पुढचे जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढेच घ्या. प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहू नका. रिकाम्या पोटी पुढचा झटका आवरणे अधिक कठीण जाते.

प्रगती मोजायचीच असेल तर असे प्रसंग किती दिवसांच्या अंतराने येतात, खाताना मध्येच थांबता येते का आणि पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो, याची नोंद ठेवा. आज चार दिवस लागत असतील आणि उद्या एका दिवसात सावरता आले, तर ती भरीव सुधारणा आहे. ऊर्मी येणे थांबेल असे समजू नका. ती चढते, टिकते आणि ओसरते. दहा मिनिटे थांबून मग ठरवायचे, एवढेच काही वेळा जमेल, काही वेळा जमणार नाही. वजनकाटा मात्र तूर्त बाजूला ठेवा, कारण वजन इतर अनेक गोष्टींवर अवलंबून असते. आणि वाईट दिवशी मनाला बरे वाटावे म्हणून कधीतरी थोडे खाल्ले, तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. ते सगळेच करतात.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. थोड्या वेळात खूप खाल्ले जाणे आणि त्या वेळी स्वतःवर ताबाच न राहणे हे आठवड्यातून एकदा तरी, असे तीन महिने घडत असेल, तर तो ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ असू शकतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ पासून त्याची स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली आहे आणि त्यावर बोधात्मक वर्तनोपचारांचा, म्हणजे तज्ज्ञाशी बोलून विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलण्याच्या उपचारांचा, चांगला उपयोग होतो. खाल्ल्यानंतर मुद्दाम उलटी काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे असे काही होत असेल, तर तीन महिन्यांची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : माझे पती मन अस्वस्थ असले की खात राहतात. मी टोकले तर चिडतात, गप्प बसले तर मला चैन पडत नाही. मी काय करावे?

उत्तर : घास मोजणे थांबवा. टोकल्याने लाज वाढते आणि खाणे लपूनछपून होऊ लागते. दिवस कसा गेला याची चौकशी खाण्याचा विषय न काढता करा, आणि त्यांचे मन शांत असताना एकदा सरळ विचारा, की त्या क्षणी मी जवळ बसावे, काही बोलावे, की तुम्हाला एकटे सोडावे. ते सांगतील त्याप्रमाणे काही आठवडे वागून पाहा. त्यांनी ठरवूनही पुन्हा खाल्ले, तर त्या दिवशी त्याची आठवण करून देऊ नका.